डोळ्यांची कामं आधी

पौषातला दुसरा रविवार, सकाळचा चहा झाल्यावर. जागा: दादाच्या घराची वरची खोली, चिखली. हजर: दादा, वहिनी, पेंटर, मी. काम: पहिली गाडी सोडणे.

एवढं लिहून मी पेन खाली ठेवलं. मला अशी सवयच आहे. मी एका मंगल कार्यालयाची व्यवस्था पाहते. कोण आलं, कोण यायचं आहे, काय आणायचं राहिलं, हे कागदावर उतरल्याशिवाय माझे हात चालत नाहीत. पौषात आमच्याकडे लग्नं लागत नाहीत, म्हणून तो महिना मला मोकळा असतो. दादानं म्हणूनच तो धरला होता.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. सगळी नोकरी एसटीत. आधी कंडक्टर, मग स्टँडवरचा कंट्रोलर. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागेल ते माइकवर सांगणारा. पेंटर हा त्याचा जुना दोस्त. दुकानांची नावं, एसटीच्या पाट्या, भिंतींवरच्या जाहिराती रंगवण्यात त्याचं तारुण्य गेलं. पुढे फ्लेक्स आले आणि त्याचे ब्रश डब्यात वाळले. हे दोघं एकमेकांना कधी नावानं हाक मारत नाहीत. एक कंट्रोलर, एक पेंटर. मला दोघंही मॅनेजर म्हणतात.

चिखलीला रेल्वे नाही. खामगावहून जालन्याला जाणारी गाडी आपल्या गावावरून जाणार, हे आम्ही शाळेत असताना ऐकत होतो आणि अजूनही ऐकतो. मोजणीवाले येतात, खुंट्या ठोकतात, जातात. दादा रिटायर झाला त्या वर्षी एकदा जेवताना म्हणाला, "सरकारच्या भरोशावर राह्यलो तं गाडी माह्या तेरवीले येईन. आपणच आणू."

त्यानं खरोखरच आणली. खऱ्या गाडीच्या बारकाव्यानिशी केलेलं, वीतभर लांबीचं इंजिन, चार डबे आणि खोकंभर रूळ पार्सलनं आले. वरच्या खोलीत वहिनीच्या गव्हाच्या कोठ्या होत्या. त्या खाली गेल्या आणि तिथं भिंतीच्या कडेकडेनं लाकडी चौकटींवर प्लायवूड बसलं.

"जन्मभर एसटी सोडली, आता घरात रेल्वे घुसवली," वहिनी म्हणाली. "गहू कुठं ठेवू मी, फलाटावर?"

"मालधक्क्यावर ठेव," दादा म्हणाला. "बिल्टी फाडून देतो."

गाडी गोल फिरवणं हा त्याचा हेतू नव्हता. त्याला मार्ग हवा होता: खामगावकडचं सपाट रान, मग घाट, घाट चढून आल्यावर चिखलीचं स्टेशन, पुढे जालन्याकडची वावरं. कंडक्टर असताना त्यानं मलकापूरची सकाळची गाडी बरीच वर्षं केली होती. बुलढाणा सोडून गाडी राजूर घाटात उतरायला लागली की एका वळणावर खालचा सगळा मुलूख एकदम समोर यायचा. तिकिटं फाडायची थांबवून तो तेवढं पाहून घ्यायचा. मला त्यानं एकदाच सांगितलं, पण नीट सांगितलं: "मले हे सगळं एका नजरेत पाहाचं आहे. दारात उभं राहाचं अन् घाट, वावरं, स्टेशन, चालती गाडी, सगळं एकाच टायमाले दिसलं पाह्यजे. मंग माह्यं काम झालं."

काम रेंगाळतच चाललं असतं. घाई डोळ्यांमुळे झाली.

त्याचा खांदा दाराच्या चौकटीला लागू लागला. शेजारी ठेवलेला पाण्याचा पेला हातानं पडायचा. वहिनीला वाटलं, रिटायर झाल्यावर माणूस बेफिकीर होतो, तसं. मी बुलढाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी काचबिंदू सांगितला, दोन्ही डोळ्यांत, बराच पुढे गेलेला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायचा प्रयत्न करू, असं ते म्हणाले. थेंब लिहून दिले. किती दिवस टिकेल, हे मी विचारलं. ते कुणालाच सांगता येत नाही, म्हणाले. नजर कोणत्या बाजूनं जाते हे विचारायचं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

येताना एसटीत तो खिडकीशी बसला होता. केळवद मागे पडलं. मग म्हणाला, "मॅनेजर, यादी कर."

यादी करायला आम्हाला एकच अनुभव माहीत होता, आईचा. आईला मोतीबिंदू झाला तेव्हा आधी सुईत दोरा ओवता येईना, मग तांदळातले खडे दिसेनात, आणि अंगणातली बाभूळ मात्र तिला शेवटपर्यंत दिसत राहिली. तेव्हा बारीक ते आधी जाणार, मोठं ते मागाहून, हे आम्ही धरूनच चाललो. दादानं सांगितलं आणि मी कागदाचे दोन भाग केले. एकावर डोळ्यांची कामं: स्टेशनच्या खिडक्या, बाकडी, दिव्यांचे खांब, तिकिटाची खिडकी, माणसं, पाट्या. दुसऱ्यावर हातांची कामं: डोंगर, माती, वावरं, आभाळ. डोळ्यांची कामं आधी.

"डोंगराले काय डोळे लागतात," दादा म्हणाला. "तो आंधळ्यालेही दिसते."

हे तो हसत म्हणाला होता.

चातुर्मासातही लग्नं नसतात, मला सवड असते. पहिल्या चातुर्मासात त्याच्या खालच्या खोलीतलं टेबल खिडकीपाशी सरकवलं. सामान माझ्याकडून यायचं. कार्यालयात लग्नपत्रिकांचे गठ्ठे उरतात, त्यांचा जाड गुळगुळीत कागद भिंतींसाठी फार चांगला. थर्माकोलच्या कमानी उरतात. लाकडाच्या वखारीतून भुसा आणला, तो हिरव्या रंगात बुडवून अंगणात वाळवला की गवत होतं. वापरलेली चहापत्ती धुऊन वाळवली की रुळांमधली खडी होते. जिनिंगच्या शेडसमोर ठेवायला खऱ्या कापसाच्या गाठी केल्या, शेंगदाण्याएवढ्या, दोऱ्यानं करकचून बांधलेल्या. दादा भिंग लावून, श्वास रोखून काम करायचा. ब्लेडनं खिडकी कापायचा आणि तिला काडीच्या सालीचे गज लावायचा. त्याचा हात इतका स्थिर मी कधी पाहिला नव्हता. डोळे टिकून आहेत, थेंब लागू पडले, असं आम्ही समजून चाललो.

स्टेशन तयार झालं तेव्हा पेंटरला रंगासाठी बोलावलं. त्यानं ते हातावर घेतलं, फिरवलं, डोळ्यांशी नेलं, आणि खाली ठेवलं.

"अबे कंट्रोलर, हे काय बनवलं तू?"

"टेसन."

"टेसन? ह्याचा फलाट करवतीच्या दातांसारखा काऊन आहे? रेल्वे काय रिव्हर्स मारून लावणार का तू?"

मी वाकून पाहिलं. खरंच. एसटी स्टँडवर गाड्या तिरक्या लावायच्या असतात म्हणून फलाट दातेरी असतो, तसाच त्यानं हा केला होता. मध्ये चौकशीची खिडकी, वर कंट्रोलरची काचेची केबिन, एका बाजूला पासची खिडकी. त्याच्या हातांना दुसरं ठाणंच माहीत नव्हतं. वहिनी चहा घेऊन आली होती, तिला कपबशी खाली ठेवावी लागली इतकी ती हसली.

"मुतारीचा वास तेवढा राह्यला," ती म्हणाली.

दादा ओशाळला नाही. "कंट्रोलरच्या गावात रेल्वेलेही तिरकं लागा लागन," म्हणाला. पण दुसऱ्या आठवड्यात तो आणि पेंटर नांदुऱ्याला गेले आणि स्टेशनवर बसून फलाट, बाकडी, छपराचे खांब पाहून आले. पेंटरनं सांगितलं की दादानं बाकड्यांना शिंप्याची टेप लावली, तेव्हा एका चहावाल्यानं विचारलं, "काका, कपडे शिवता का ह्याले?" फलाट सरळ केला. काचेची केबिन मात्र त्यानं ठेवली. रेल्वेतही कुणीतरी वर बसून सांगणारा लागतोच, असं त्याचं म्हणणं.

दुसऱ्या चातुर्मासात हातांची कामं लागली. ती वर व्हायची आणि दादा जिना कमी चढायचा, पायरी चुकायची. वर मी आणि पेंटर. जाळीवर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवलेलं जुनं धोतर पांघरून डोंगर केला. तो खोलीच्या निम्म्या भिंतीभर गेला, छातीइतका उंच. वावरांसाठी आमच्याच शेतातली काळी माती आणली, वस्त्रगाळ केली, गोंदाच्या पाण्यात कालवून पसरली. चैत्र येईपर्यंत ती तडकली. काळ्या मातीला भेगा पडतात हे शेतकऱ्याच्या पोरांना सांगायला लागू नये, पण प्लायवूडवर घेतली तर ती आपला स्वभाव सोडेल असं का कोण जाणे आम्हाला वाटलं. दादाला खाली जाऊन सांगितलं.

"राहू दे," तो म्हणाला. "उन्हाळ्यातलं वावर आहे. आपली गाडी उन्हाळ्यातली."

खाली बसून तो तेव्हा झाडं करत होता. त्यासाठी त्यानं वाळलेली तुळस मागितली. तुळशीच्या बारीक फांद्या हुबेहूब मोठ्या झाडासारख्या फुटतात. वहिनीनं आधी साफ नाही म्हटलं. वाळलेली तुळस वाटेल तिथं टाकत नाहीत. मग दोन दिवसांनी स्वतःच वृंदावनातली जुनी जुडी आणून टेबलावर ठेवली. "झाडाचं झाडच होऊन राह्यलं ना," म्हणाली. दादा एकेका काडीला घोसाळ्याच्या जाळीचा हिरवा चुरा लावायचा. सागाला वेगळा, पळसाला वेगळा. पळसाला त्यानं कुंकवाचे ठिपके दिले. एक झाड झालं की डोळ्यांसमोर धरून फिरवायचा आणि परातीत उभं करायचा. ती शेवटची डोळ्यांची कामं. पेंटरनं ती एकेक करून घाटावर रोवली.

म्हणजे दादानं घाट उभा राहताना पाहिला नव्हता. मुद्दामच. सगळं झाल्यावर दारातून पाहीन, म्हणाला होता.

तर पौषातला तो रविवार. पेंटर इस्त्रीचा शर्ट घालून आला. वहिनीनं इंजिनाला हळद-कुंकू लावलं, इतकं बारीक की काडीनं लावावं लागलं. मी दादाचा हात धरून त्याला जिन्यानं वर आणलं आणि दारात उभं केलं. खिडक्या उघड्या होत्या, ऊन आत होतं. गाडी खामगावच्या टोकाला उभी होती. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होते.

पेंटरनं बटण फिरवलं. गाडी निघाली. घाटात शिरली, बोगद्यातून बाहेर आली, पुलावरून स्टेशनाकडे आली. चाकांचा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा बराच खरा होता.

दादा मान पुढे करून पाहत होता. गाडी स्टेशनात शिरली तेव्हा त्याचा चेहरा उजळला. मग ती पुढे गेली आणि त्याची नजर तिथंच राहिली.

"गाडी कुठं गेली?" त्यानं विचारलं.

ती त्याच्या डाव्या हाताला, दोन हातांवर होती.

"हे काय, जालन्याकडे निघाली," पेंटर म्हणाला.

दादानं मान वळवली, मग अजून वळवली, फांद्यांत पाखरू शोधावं तशी. त्याला ती सापडली. पुन्हा सुटली. पेंटरनं गाडी थांबवली.

"बाकड्याचा पाय वाकडा आहे," दादा म्हणाला. "पाण्याच्या नळापाशी जे बाकडं आहे त्याचा. मागचा."

आम्ही पाहिलं. होता. एवढ्या लांबून मला तो दिसत नव्हता. वाकून पाहावा लागला.

मग त्यानं विचारलं, "घाट कुठं लावला रे?"

घाट त्याच्यासमोरच होता, जरा उजव्या हाताला. अर्ध्या भिंतीचा, छातीइतका उंच, त्याच्याच झाडांनी भरलेला. तो बाकड्याकडे पाहत होता, आणि बाकड्याभोवती त्याला बांगडीएवढी जागा दिसत होती. तेवढंच उरलं होतं. कडा किती आधीपासून गेल्या होत्या हे त्यालाही कळलं नव्हतं. टेबलावर भिंगाखाली जे ठेवलं ते सगळं त्या बांगडीत मावत होतं, म्हणून तो इतका सुरेख काम करत होता आणि आम्ही सगळे निश्चिंत होतो.

वहिनीनं त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून हळूच उजवीकडे वळवलं. लहान मुलाला चंद्र दाखवावा तसं. "हा पाहा," ती म्हणाली. "इथून सुरू होते. आता वर. अजून वर. हे झाड तुमचं. हे पळस."

त्यानं सगळा घाट पाहिला. तुकड्या-तुकड्यानं, भिंतीवरून उजेडाचा कवडसा फिरवावा तसा. बराच वेळ लागला. पाहून झाल्यावर म्हणाला, "चांगला झाला."

खाली आल्यावर मी यादीचा कागद काढला. मला वाटतं, मी काहीतरी करायला हवं म्हणून काढला. दादा म्हणाला, "ठेव तो. यादी बराबर होती. आईचे डोळे अलग होते."

पेंटर चहा न घेता गेला. त्याचं असं कधी होत नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारलं. हो, म्हणाले, काचबिंदूत नजर कडेनं आत-आत येत जाते, मधली शेवटी जाते. त्यांनी हे आधीही सांगितलं असेल. थेंब बदलले. उन्हाळ्यानंतर मधलीही धुरकटली. दिवाळीत त्याला पणतीचा उजेड कळत होता, पणती नाही.

आता तो वर एकटा जातो. जिन्याला मी दोन्हीकडून कठडा बसवून घेतला आहे. वर गेल्यावर तो हातांनी पाहतो. बोटं फलाटावरून चालतात, छपरावर चढतात, खांबाला अडतात. पत्रिकांच्या कागदाचं स्टेशन त्याच्या बोटांसाठी केलेलं नव्हतं. पहिल्याच महिन्यात छप्पर दबलं, दिव्यांचे खांब वाकले, तिकिटाची खिडकी आत गेली. त्याला ते कळू नये म्हणून पेंटर दर शुक्रवारी नमाजानंतर यायचा आणि गुपचूप जोडून जायचा. पण दादाच्या बोटांना गोंदाची गाठ लगेच लागते.

"पेंटर," तो एकदा म्हणाला, "मी तोडून राह्यलो अन् तू जोडून राह्यला. असं किती दिस चालन?"

"तुले काय करायचं? माह्ये हात रिकामेच आहेत."

"पोकळ नको बनवू. मले भरीव बनवून दे. पडलं तरी तुटलं नाही पाह्यजे."

तेव्हापासून आम्ही सगळं पुन्हा बांधतो आहोत. स्टेशन सागाच्या तुकड्यातून कोरून घेतलं, काचेच्या केबिनीसह. खांब सायकलच्या आऱ्यांचे केले. बाकडी पत्र्याची. माणसं वहिनीनं मातीची करून भाजली. त्यांना नाक-डोळे नाहीत, पण पदर आणि टोपी बोटाला कळते. मला एकदा वाटलं होतं की त्याला आता हेच बरं वाटत असेल, आणि मी तसं म्हणालेही. त्यानं सरळ सांगितलं, "नाही वं बाई. हात लावणं म्हंजे पाहाणं नाही. पण बसून काय करू?" मॅनेजर म्हणाला नाही. त्यानंतर मी तसं काही बोलत नाही.

यादीतली बरीच कामं झाली. स्टेशन झालं, जिनिंग झालं, पूल झाला, खामगावकडचं रान झालं. भेगा त्यानंच राहू द्यायला लावल्या. बोट त्यांत बसतं.

राहिला घाट. तिथं तो अजून हात लावत नाही. तुळशीच्या काड्या बोटाच्या धक्क्यानं मोडतात हे त्याला माहीत आहे, आणि कधी चुकून स्पर्श झाला की तो हात झटकन मागे घेतो. त्या जागी रोवायला तांब्याच्या तारेची झाडं मी आणि पेंटरनं करून ठेवली आहेत. सुताच्या गुंड्या लावून, सागाला वेगळ्या, पळसाला वेगळ्या. पेंटर म्हणतो ती तू काढ, मी म्हणते ती तू रोवलीस, तू काढ. वहिनीला आम्ही दोघंही सांगत नाही. मी दोनदा चिमटा घेऊन वर गेले. ती झाडं दादानं पाहिलेली आहेत, एकेक, डोळ्यांसमोर फिरवून. तारेची त्यानं पाहिलेली नाहीत.

परवा खालून त्यानं विचारलं, "घाटावरची झाडं बदलली का?"

"नाही, राह्यली," मी म्हणाले. "ह्या पौषात करते."

पौष निम्मा संपत आला. तारेची झाडं मिठाईच्या खोक्यात तशीच आहेत.